सहा कंठांचे एक गाणे

विनोदी गाणे ऐकताना श्रोता हसतो, टाळी देतो आणि गाणे संपताच आपल्या कामाला लागतो. ते गाणे बसविण्यास गायकांना किती कष्ट पडले असतील, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. गंभीर गायनासाठी वर्षानुवर्षे साधना करावी लागते, हे सर्वांना मान्य असते. परंतु हसविणारे गाणे म्हणजे घटकाभराची गंमत, ती कोणालाही साधेल, असाच बहुतेकांचा समज असतो. हा समज किती उथळ आहे हे पाहावयाचे असेल, तर जर्मनीतील बर्लिन शहरात 1927 सालच्या अखेरीस जन्मास आलेल्या एका गायकवृंदाची हकीकत जाणून घ्यावी. त्या वृंदाचे नाव 'कमेडिअन हार्मोनिस्ट्स'. पाच गायक आणि एक पियानोवादक, असे सहा जण त्यात होते.

ही गाणी ज्या वातावरणात वाढली, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. 'कॅबरे' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे चित्रपटातील झगमगते नृत्य डोळ्यांपुढे येते. युरोपात मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक होता. पॅरिसमधील मोंमार्त्र या वस्तीत 1881 साली 'शा न्वार', म्हणजे 'काळे मांजर', या नावाचे एक उपाहारगृह उघडले. लोक तेथे खाण्यापिण्यासाठी जमत आणि एका बाजूला कवी, गायक व नकलाकार आपली कला सादर करीत. समाजातील दांभिकपणा, श्रीमंतांचा डौल, सरकारचे विक्षिप्त हुकूम या सर्वांची तेथे गाण्यांतून थट्टा होई. अशा स्थळाला 'कॅबरे' म्हणत. पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकलेला एरिक साती हा रचनाकार 'शा न्वार'मध्ये पियानो वाजवीत असे. बर्लिनमध्ये 1901 साली असेच एक रंगगृह निघाले. पाश्चात्त्य संगीताला पुढे नवे वळण देणारा आर्नोल्ड शोनबर्ग हा काही काळ तेथे नोकरीस होता. शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या संगीतज्ञांनी हलकीफुलकी गाणी हाताळण्याची परंपरा अशी जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये तर नाट्यगृहे, गायनगृहे आणि कॅबरे यांना बहर आला होता.

याच बर्लिनमध्ये हॅरी फ्रोमरमान नावाचा एकवीस वर्षांचा तरुण राहत होता. त्याचे वडील ज्यू धर्माचे होते. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना गाऊन म्हणणारा जो अधिकारी असतो, त्याला 'कँटर' म्हणतात. ते या विद्येचे शिक्षक होते. त्यामुळे स्वरांचे संस्कार हॅरीवर बालपणापासून झाले होते. तो काही काळ नाट्यविद्यालयात शिकला. परंतु हाती नियमित काम नव्हते आणि खिसा बहुधा रिकामाच असे. त्या सुमारास अमेरिकेतील 'रेव्हेलर्स' या गायकवृंदाच्या तबकड्या त्याच्या ऐकण्यात आल्या. चार गायक वेगवेगळ्या स्वरांत, पण एकजिवाने गात होते आणि त्यांच्या मागे पियानो वाजत होता. हॅरी त्या गायनाने भारून गेला. असा वृंद जर्मनीत का असू नये, असे त्याच्या मनाने घेतले. आपल्या लहानशा खोलीत बसून त्याने गाण्यांची मांडणी लिहावयास प्रारंभ केला. कोणत्या गायकाने कोणता स्वर केव्हा धरावा, कोणी केव्हा थांबावे, हे सारे तो स्वतःच शिकत गेला.

डिसेंबर 1927 मध्ये त्याने बर्लिनच्या एका वृत्तपत्रात लहानशी जाहिरात दिली. उत्तम आवाजाचे, व्यवसायाने गायक असलेले तरुण हवेत. वय पंचवीसपेक्षा अधिक नसावे. रोज किती वेळ देता येईल ते कळवावे, असा तिचा आशय होता. यातील शेवटची अट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याला हवे असलेले गाणे नुसत्या गोड गळ्याने साधणार नाही, त्याला नित्य सराव लागेल, हे त्या एकवीस वर्षांच्या तरुणाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

जाहिरात वाचून आलेल्यांतून रोबेर्ट बिबेर्टी याची निवड झाली. तो एका ऑपेरागायकाचा मुलगा होता आणि त्याचा आवाज खर्जाचा, म्हणजे पाश्चात्त्यांच्या भाषेत 'बास' होता. बर्लिनमधील 'ग्रोसेस शाउश्पीलहाउस' या भव्य नाट्यगृहाच्या गायकसमूहात तो काम करीत असे. तेथील आपल्या सोबत्यांपैकी आरी लेश्निकॉफ आणि रोमान सिकोव्स्की यांना त्याने आणले. लेश्निकॉफ बल्गेरियाचा, त्याचा आवाज अतिशय उंच आणि रेशमासारखा मुलायम होता. सिकोव्स्की पोलंडमधील ज्यू कुटुंबातला. ऑपेराच्या रंगभूमीवर गाण्याचा अनुभव त्याच्यापाशी होता. त्याचा मध्यम पट्टीचा आवाज म्हणजे 'बॅरिटोन'. बर्लिनच्या सरकारी संगीत महाविद्यालयात शिकलेला एर्विन बूट्स पियानोवर बसला. प्रारंभी काही माणसे बदलली. पुढे 1929 साली एरिख कॉलिन हा दुसरा उंच आवाजाचा गायक आला आणि वृंद पक्का झाला. स्वतः हॅरी गात असेच. शिवाय बहुतेक गाण्यांची मांडणीही त्याचीच असे.

आता या गायनाची रीत कशी होती ते पाहू. आपल्या संगीतात एका वेळी एकच गायक मुख्य असतो. तंबोरा त्याला आधार देतो आणि रागाचे रूप एका कंठातून उलगडत जाते. पाश्चात्त्य संगीतात अनेक गायक एकाच क्षणी भिन्न भिन्न स्वर लावतात आणि त्या स्वरांचा एक मेळ तयार होतो. यालाच 'हार्मनी' म्हणतात. पेटीवर षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम हे तीन स्वर एकदम दाबून पाहिले, तर एक भरदार, प्रसन्न नाद कानी पडतो. त्यातील शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार घेतला, की त्याच नादावर उदासपणाची छाया येते. आणि गंधार अजिबात काढून घेतला, तर जे उरते ते पोकळ वाटते. ते धड आनंदी नाही, धड उदास नाही. मेळात प्रत्येक स्वराचे असे मोल असते. कोणता गायक मोठा आणि कोणता लहान, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

असा मेळ जुळविण्यासाठी प्रत्येक गायकाचा कान अत्यंत तयार असावा लागतो. शेजारचा गायक निराळा स्वर लावीत असताना आपला स्वर न ढळू देणे, हे अवघड काम आहे. त्यातच विनोदी गाणे असेल, तर अडचणी दुप्पट होतात. विनोद शब्दांत असतो. म्हणून प्रत्येक शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला पाहिजे. पाच जणांनी एखादे व्यंजन किंचित पुढेमागे उच्चारले, तर शब्दाचा गलबला होतो आणि गंमत हरवते. एखाद्या ओळीपूर्वी निमिषभर थांबल्याने हशा पिकतो. परंतु ते निमिष पाचही जणांच्या मनात सारखेच मोजले गेले पाहिजे. आवाज एकाएकी कुजबुजीइतका खाली आणावयाचा, लगेच वर न्यावयाचा आणि इतके करूनही चेहऱ्यावर जणू काहीच घडले नाही असा भाव ठेवावयाचा! श्वासावर ताबा असल्यावाचून यातील काहीही होत नाही.

या वृंदाची आणखी एक करामत अशी, की त्यांच्या गाण्यांत वाद्ये नसताना वाद्ये ऐकू येत. हॅरी आपल्या कंठातून कर्ण्याचा, कधी तोंडाशी अडसर लावून दबलेल्या कर्ण्याचा आवाज काढी. इतर गायक तंतुवाद्यांचा आभास निर्माण करीत. बिबेर्टीचा खर्ज तळाशी घुमत राही. अमेरिकेतील वादक ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची 'क्रिओल लव्ह कॉल' ही रचना त्यांनी 1933 साली ध्वनिमुद्रित केली. त्यात शब्द नाहीत; वाद्यांचे काम सारे कंठांनीच केले आहे. इटालियन रचनाकार रॉसिनी याचा 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा 1816 साली रोम शहरात प्रथम रंगभूमीवर आला. त्याच्या आरंभी वाजणारी, मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचनासुद्धा या मंडळींनी गळ्यावर चढविली. ती ऐकताना हसू येते आणि त्याच वेळी त्यांच्या तयारीचा अचंबा वाटतो. नक्कल उत्तम वठावयाची, तर अस्सल काय ते पूर्णपणे ठाऊक असावे लागते, याचे हे सुरेख उदाहरण आहे.

अर्थात यश काही पहिल्याच दिवशी दारी आले नाही. कित्येक महिने त्यांनी एक पैही न मिळविता सराव केला. 1928 साली 'स्काला' या करमणुकीच्या प्रसिद्ध रंगगृहात त्यांची परीक्षा झाली, ती फसली. हे गाणे लोकांना रिझविण्यासारखे नाही, फार गंभीर आहे, असा अभिप्राय पडला. स्वर जुळले होते. पण त्या स्वरांना हसता येत नव्हते. मंडळींनी हार न मानता पुन्हा सराव आरंभिला. त्यानंतर एरिक शारेल या नाट्यनिर्मात्याने त्यांचे गाणे ऐकले, त्यांना काम दिले आणि 'कमेडिअन हार्मोनिस्ट्स' हे नावही दिले. सप्टेंबर 1928 मध्ये ग्रोसेस शाउश्पीलहाउसमधील 'कासानोव्हा' या संगीत नाटकात ते प्रेक्षकांपुढे आले. ज्या नाट्यगृहाच्या गायकसमूहात त्यांतील तिघे इतरांच्या गर्दीत उभे राहून गात, तेथेच आता प्रेक्षक त्यांना नावाने ओळखू लागले.

पुढील पाच-सहा वर्षांत त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. तबकड्या, नभोवाणी आणि बोलपट यांच्याद्वारे त्यांचे आवाज घरोघरी पोहोचले. काळा पोशाख, पांढरा गळपट्टा, पियानोभोवती अर्धवर्तुळात उभे असलेले पाच गंभीर चेहऱ्यांचे गृहस्थ आणि त्यांच्या मुखातून वसंत ऋतूविषयी, मैत्रीविषयी, नाहीतर वेंधळ्या प्रेमिकांविषयी निघणारी खट्याळ गाणी, हे दृश्य लोकांच्या ओळखीचे झाले. 1932 साली बर्लिनच्या 'फिलहार्मोनी' सभागृहात त्यांचे गायन झाले. हे सभागृह एरवी बेथोव्हेन, ब्राम्स यांसारख्या थोर रचनाकारांच्या संगीतासाठी राखलेले असे. तेथे विनोदी गाणी ऐकण्यासाठी श्रोत्यांची दाटी झाली. गंभीर संगीत आणि हलके संगीत यांच्यामध्ये लोकांनी जी भिंत उभी केली होती, ती त्या दिवशी काही काळ तरी नाहीशी झाली.

परंतु याच सुमारास जर्मनीवर निराळेच ढग जमू लागले होते. जानेवारी 1933 मध्ये ॲडॉल्फ हिटलर सत्तेवर आला. ज्यू लोक हे जर्मन राष्ट्राचे शत्रू आहेत, असा विषारी प्रचार त्याचा पक्ष करीत असे. आता त्या प्रचाराला कायद्याचे बळ मिळाले. त्याच वर्षी सरकारने संगीताच्या व्यवसायावर नियंत्रण ठेवणारे एक मंडळ स्थापन केले. या मंडळाचे सभासदत्व ज्याला मिळणार नाही, त्याला जर्मनीत गायन-वादनाचा व्यवसाय करता येणार नव्हता. कमेडिअन हार्मोनिस्ट्सपैकी फ्रोमरमान आणि सिकोव्स्की हे ज्यू होते. कॉलिनचा बाप्तिस्मा झालेला असला, तरी त्याचे कूळ ज्यू होते आणि सरकार कूळच पाहत होते. सहांपैकी तिघे असे एकाएकी परके ठरले. ते कसे गातात, हे कोणी विचारले नाही; त्यांचे आजोबा कोण होते, एवढेच विचारले गेले.

1934 सालच्या वसंतानंतर जर्मनीत त्यांचे जाहीर कार्यक्रम बंद झाले. परदेशांत मात्र त्यांना मागणी होतीच. त्या वर्षी ते अमेरिकेस गेले; तेथे नभोवाणीवर आणि आरमाराच्या खलाशांपुढे त्यांनी गायन केले. मायदेशी न परतता तेथेच राहावे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. काहींचे मन तिकडे ओढत होते. बिबेर्टीची वृद्ध आई बर्लिनमध्ये होती आणि तिला सोडून राहण्यास तो तयार नव्हता. अखेर सारे परत आले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यांनी एक गाणे ध्वनिमुद्रित केले, ते आजही जर्मनीत लहानथोरांच्या ओठी आहे. सज्जात ठेवलेले निवडुंगाचे एक इवलेसे रोप, त्याचे काटे आणि शेजाऱ्यांची उडालेली त्रेधा, असा त्याचा विषय आहे. ते गाताना या सहा जणांच्या डोक्यावर बंदीची तलवार टांगलेली होती, हे ऐकणाऱ्याला सांगूनही पटणार नाही. एकही स्वर कापरा झालेला नाही.

फेब्रुवारी 1935 मध्ये सरकारी पत्रे आली. बिबेर्टी, लेश्निकॉफ आणि बूट्स यांना सभासदत्व मिळाले. उरलेल्या तिघांना ते नाकारण्यात आले. ज्यू सहकाऱ्यांबरोबर गाण्यास पहिल्या तिघांनाही मनाई झाली. वृंद मधोमध चिरला गेला.

दोन्ही बाजूंनी गाणे चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. फ्रोमरमान, कॉलिन आणि सिकोव्स्की यांनी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे नवे सोबती घेऊन वृंद उभारला. मार्च 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाही गिळंकृत केला, तेव्हा त्यांना तेथूनही पळ काढावा लागला. देशोदेशी गात ते फिरले. बर्लिनमधील तिघांनीही नवे गायक घेतले. परंतु जुने परभाषी नाव वापरण्याची परवानगी त्यांना नव्हती, म्हणून त्यांनी 'माइस्टरसेक्स्टेट' हे जर्मन नाव धारण केले. ज्यू रचनाकारांची आणि कवींची गाणी त्यांना वर्ज्य झाली. त्यामुळे पूर्वीची कितीतरी लोकप्रिय गाणी त्यांच्या हातून गेली. 1941 साली हे दोन्ही वृंद संपुष्टात आले.

नव्या माणसांत गुणांची वाण होती असे नव्हे. त्यांतही चांगले शिकलेले गायक होते, पियानो तोच होता, श्रोतेही होते. तरीसुद्धा पहिली किमया पुन्हा साधली नाही. व्हिएन्नाच्या वृंदात लेश्निकॉफचा रेशमी स्वर आणि बिबेर्टीचा खर्ज नव्हता. बर्लिनच्या वृंदात हॅरीची मांडणी आणि त्याचा खट्याळ कर्णा नव्हता. पहिली मांडणी सहा विशिष्ट माणसांच्या कंठांसाठी, त्यांच्या सवयी आणि त्यांचे श्वास ओळखून केलेली होती. मेळातील गंधार काढून घेतल्यावर उरलेले स्वर खोटे होत नाहीत. पण ते पोकळ होतात. सरकारने तीन माणसांना वगळले, असे कागदावर दिसत होते. वस्तुतः त्याने सहाही जणांचे गाणे हिरावून घेतले होते.

महायुद्ध संपले, हिटलरचा अंत झाला. पण ते सहा जण पुन्हा कधीही एकत्र गायले नाहीत. कोणी अमेरिकेत, कोणी बल्गेरियात, कोणी जर्मनीत, अशी त्यांची पांगापांग झाली. सिकोव्स्की अमेरिकेत ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात कँटर झाला. कॅबरेत ज्या गळ्याने लोकांना हसविले, त्याच गळ्याने तो पुढे अनेक वर्षे ईश्वराची प्रार्थना गात राहिला. कॉलिन 1961 साली आणि हॅरी फ्रोमरमान 1975 साली वारला. 1976 साली जर्मन दूरचित्रवाणीवर या वृंदाविषयीचा एक दीर्घ माहितीपट दाखविण्यात आला. त्यासाठी हयात असलेल्या चौघांच्या मुलाखती त्यांच्या त्यांच्या गावी जाऊन घ्याव्या लागल्या. म्हातारपणीही ते एका खोलीत जमले नाहीत. त्यानंतर नव्या पिढीने त्यांची गाणी शोधून काढली, तसेच स्वरमेळ बसवून गाणारे नवे वृंद निघाले आणि 1997 साली त्यांच्या जीवनावर चित्रपटही झाला. सहांतील शेवटचा, सिकोव्स्की, 1998 साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी निवर्तला.

आज त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या की प्रथम थोडी खरखर ऐकू येते, मग पियानोचे दोन-चार ठोके आणि लगोलग पाच कंठ एकदम उमलतात. उंच स्वर तरळू लागतो, खर्ज त्याला खालून सावरतो, मध्येच तो खोडकर कर्णा वाजतो. त्या पाचांत जर्मन कोण, बल्गेरियन कोण, पोलंडचा कोण आणि ज्यू कोण, हे कितीही कान देऊन ऐकले तरी ओळखता येत नाही. ऐकू येते ते केवळ एक गाणे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू फुटते.